तुळशीच्या लग्नानंतर बेळगावहून म्हैसूर: घाटमाथ्याच्या वाटेची आखणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे लांबच्या प्रवासाची पद्धत ठरलेली आहे. पहाटे तीनला गाडी काढायची आणि उजाडायच्या आत धारवाड मागे टाकायचं. मे महिन्यात ही पद्धत चांगली. पण तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत, शिर्शी-तीर्थहळ्ळी-चिकमगळूर-मडिकेरी अशा डोंगरवाटेनं म्हैसूरला जायचं असेल तर ती मोडावी लागते. या दिवसांत पहाटेच्या काळोखात आपल्या भागात रस्त्यावर ऊस असतो, पुढं जंगलात धुकं आणि गवे असतात. उतारावर झोपाळलेला ड्रायव्हर चूक करतो तीही याच वेळेला.

म्हणून आखणी उजेडापासून सुरू करा. या दिवसांत बेळगावात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. घाटमाथ्यावर सकाळी साडेआठ-नऊपर्यंत धुकं राहतं. झाडीतल्या रस्त्यावर संध्याकाळी साडेपाचलाच दिवे लावावे लागतात. थोडक्यात, नीट दिसेल असे तास मिळतात साडेआठ-नऊ. त्यातले दोन तास जेवण, चहा, पेट्रोल आणि देवदर्शनात जातात. उरलेल्या साडेसहा तासांत घाटमाथ्याच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर सरासरी ताशी 30 ते 35 किलोमीटरच पडतात. मोबाईलवरचा नकाशा 45-50 दाखवेल, पण ट्रकमागे अडकणं, एका बाजूनं चाललेलं डांबरीकरण, कुणाला तरी उलटी होणं हे त्याच्या हिशेबात नसतं. म्हणजे दिवसाला 200 ही कमाल मर्यादा आणि 150 ते 160 हे आरामाचं अंतर. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर 150 च्या वर जाऊच नका.

वाट कशी तोडायची

पहिला दिवस: बेळगाव, खानापूर, नंदगड, हल्याळ, यल्लापूर, शिर्शी. साधारण 160 किलोमीटर. खानापूरपर्यंतचा रस्ता मोठा आहे, वाटेत गणेबैलचा टोल लागतो. नंदगड सोडलं की झाडी सुरू होते. हल्याळपर्यंत मराठी सहज चालते, त्यामुळे जेवणाची नाहीतर गॅरेजची चौकशी तिथवर करून ठेवलेली बरी.

दुसरा दिवस: शिर्शी, सिद्धापूर, ताळगुप्पा, सागर, होसनगर, तीर्थहळ्ळी. सुमारे 150. जोगचा धबधबा याच वाटेवर थोडा आत आहे, पण डिसेंबरात धार बारीक झालेली असते. पावसाळ्यातले फोटो बघून कुणी आशा धरली असेल तर आधीच सांगून ठेवा. फक्त धबधब्यासाठी तीन तास घालवायचे की नाही, हे घरातच ठरवा.

तिसरा दिवस: तीर्थहळ्ळी, आगुंबे, शृंगेरी, बाळेहोन्नूर, आल्दूर, चिकमगळूर. दीडशेच्या आसपास. आगुंबेत थांबा, सूर्यास्ताच्या जागेवरून खालचं कोकण बघून घ्या, पण म्हैसूरला जायचं असेल तर घाट उतरू नका. खाली उडुपीकडं जाणाऱ्या घाटात 14 हेअरपिन वळणं आहेत. भरलेली गाडी विनाकारण खाली-वर करून ब्रेक आणि क्लच दोन्ही तापवण्यात काही मतलब नाही. आणि सूर्यास्त बघत बसलात तर शृंगेरीपर्यंतचा रस्ता अंधारात कापावा लागेल. सूर्यास्तच बघायचा असेल तर मुक्काम आगुंबेलाच करा.

चौथा दिवस: चिकमगळूर, बेलूर, सकलेशपूर, शनिवारसंते, सोमवारपेठ, मडिकेरी. दीडशेच्या थोडं वर. पाचवा दिवस: मडिकेरी, कुशालनगर, हुणसूर, म्हैसूर. 120 किलोमीटरचा, सगळ्यांत सोपा दिवस.

मुक्काम ठरवताना गावाचं नाव बघून भागत नाही, शेवटच्या पाच किलोमीटरचा रस्ता विचारून घ्या. चिकमगळूर आणि मडिकेरी भागातले पुष्कळ होमस्टे कॉफीच्या मळ्यात आत असतात. तिथं शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा कच्चा चढ असतो आणि त्यावर दगड वर आलेले असतात. फोनवर नेमकं विचारा: 'माणसांनी भरलेली साधी हॅचबॅक वर येते का?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर गावातलं लॉज घ्या.

बुकिंगआधी कालनिर्णय काढून बसा. कार्तिकाच्या शेवटी धर्मस्थळला लक्षदीपोत्सव असतो. त्या दिवसांत चार्माडी घाटाकडं जाणारी वाहतूक वाढते. आपण चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतो, त्याच दिवशी कुक्के सुब्रह्मण्यला मोठी जत्रा असते आणि सकलेशपूरच्या बाजूचे रस्ते भरून वाहतात. कोडगूत नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात हुत्तरीचा सण येतो, त्या वेळी मडिकेरीत खोल्या मिळणं अवघड होतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या आणि बैलगाड्या कोल्हापूर-निपाणीपासून रस्त्यावर असतात. शिवाय बेळगावातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं. त्या काळात हलग्याजवळ सुवर्णसौधच्या परिसरात हायवेवर तपासणी आणि अडथळे असतात. धारवाडकडून परतताना त्यासाठी तासभर जास्त धरा. नाताळचा आठवडा तर पूर्ण टाळाच.

पावसाचं काय

'दिवाळी झाली, पाऊस गेला' हे आपल्याकडं खरं, खाली तितकंसं खरं नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं तयार होतात. त्यांचा पाऊस म्हैसूर, कोडगू, हासन, चिकमगळूरपर्यंत पोचतो. बेळगावात आभाळ निरभ्र असताना मडिकेरीत दोन दिवस पाऊस लागून राहिलेला असू शकतो. निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघा. कोडगू किंवा चिकमगळूरला ऑरेंज असेल तर शिर्शीत एक दिवस वाढवा. रद्द करता येईल असंच बुकिंग करायचं ते यासाठी.

गाडीची तयारी, निदान दहा दिवस आधी

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून निघू नये. नवीन घातलेला पॅड, सैल राहिलेला क्लिप, नीट न बसलेलं सील यांचा दोष पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बाहेर पडतो. तो घरापासून जवळ पडलेला बरा.

ब्रेक ऑइलकडं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मुरलेलं पाणी त्याचा उत्कलनबिंदू खाली आणतं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं मात्र 140 लाच उकळू शकतं. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. लांब उतारावर ब्रेक दाबत राहिलं की उष्णता चाकाजवळच्या कॅलिपरमधल्या (पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलपर्यंत पोचते, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल मऊ होऊन तळाला जातं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून चाकापर्यंत जोर पोचत नाही. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर आता बदला. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच वापरा, आणि मेकॅनिकला चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला सांगा. नुसतं वरून भरून भागत नाही.

पुढचे पॅड 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असतील तर बदलून घ्या. मागं ड्रम असतील तर ते उघडून लायनर बघायला सांगा. ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून राहून जातात.

टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की 1.6 मिलिमीटर उरली असं समजायचं. कायद्याची हद्द तिथं असली तरी दव पडलेल्या डांबरावर तेवढ्यात भागत नाही, 3 मिलिमीटर तरी हवी. टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी, या प्रवासाला नेऊ नका. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. तापमान 10 अंशांनी उतरलं की हवा साधारण 2 पीएसआय कमी होते. बेळगावात दुपारच्या उन्हात मोजलेले 33 मडिकेरीच्या पहाटे 30 वर आलेले दिसतील. पाच माणसं आणि सामान असेल तर दाराजवळच्या तक्त्यावरचा 'फुल लोड'चा आकडा धरायचा, आणि स्टेपनीत 3-4 पीएसआय जास्त ठेवायचे.

सीएनजी गाडीवाल्यांनी पेट्रोलची टाकी भरूनच निघावं. बेळगाव मागे पडल्यावर घाटमाथ्यावर सीएनजीच्या भरवशावर राहता येत नाही. पेट्रोल-डिझेलवाल्यांनाही नियम एकच: काटा अर्ध्यावर आला की जो मोठा पंप दिसेल तिथं भरायचं. शिर्शी, सागर, तीर्थहळ्ळी, चिकमगळूर ही भरायची ठिकाणं. मधल्या मळ्यांच्या पट्ट्यात पंप शोधत फिरू नका.

गाडीत ठेवायच्या वस्तू: दोन उतरत्या लाकडी ठोकळ्या चाकाखाली लावायला, परावर्तक त्रिकोण, टॉर्च, जंपर केबल, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, 1 लिटर कूलंट, 5 लिटर पाणी, जाड हातमोजे, एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. शेवटच्या दोन वस्तू का, ते पुढं येईल.

आणि एक रंगीत तालीम करा. निघायच्या आधीच्या रविवारी तीच माणसं आणि जवळपास तेवढंच सामान घेऊन चोर्ला किंवा आंबोलीला जाऊन या. आंबोली बेळगावहून सत्तरेक किलोमीटर. सावंतवाडीच्या बाजूला घाट अर्धा उतरून परत चढा. पेडल मऊ पडतं का, चढावर तापमानाचा काटा हलतो का, क्लचचा वास येतो का, मागच्या सीटवर कुणाला गाडी लागते का, हे सगळं घरापासून दोन तासांवर कळतं.

घाटाच्या आधीचा धोका: ऊस आणि हुलगे

निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, अथणी भागातून निघणाऱ्यांचा सर्वांत वाईट टप्पा डोंगरात नाही, घराजवळच असतो. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की रात्रंदिवस ऊस चालू असतो. डबल ट्रॉलीला मागचा लाल दिवा बहुतेक नसतो. परावर्तक पट्टी असलीच तर चिखलानं झाकलेली असते. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. समोरून गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येत असेल तर पुढची ट्रॉली वीस-पंचवीस फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. ताशी 80 च्या वेगात तेवढं अंतर एका सेकंदाच्या आत संपतं.

यावर उपाय एकच, तो भाग दिवसा पार करा. निपाणी-चिकोडीकडून निघणाऱ्यांनी आदल्या दुपारी बेळगावला येऊन मुक्काम करावा आणि सकाळी सातला पुढं निघावं. अंधारात जाणं टळत नसेल तर 50 च्या वर जाऊ नका. चढावर उसाच्या ट्रॉलीच्या मागं चिकटून थांबू नका. ओझं मागं सरकलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, नाहीतर जोडाची पिन निसटते आणि ट्रॉली मागं येते. निदान 50 मीटर सोडा. बायपासच्या वळणावर आणि कारखान्याच्या फाट्यावर सांडलेला, चिरडलेला ऊस पडलेला असतो. त्याचा रस डांबरावर साबणासारखा निसरडा होतो, तिथं ब्रेक किंवा स्टीअरिंगला झटका देऊ नका.

दुसरा प्रकार रस्त्यावरच्या मळणीचा. हुलगे, नाचणा, भात रस्त्यावर पसरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळून घेतात. खानापूर-हल्याळ पट्ट्यात आणि परतताना चित्रदुर्ग-हिरियूरच्या बाजूच्या आतल्या रस्त्यांवर हे हमखास भेटतं. हुलग्याचे वेल सर्वांत वाईट, कारण ते लांब, चिवट आणि वाळलेले असतात. वेलाचं एक टोक पुढच्या चाकाच्या फिरत्या शाफ्टला अडकलं की दोरखंडासारखं गुंडाळत जातं आणि पाच-सहा किलोमीटरमध्ये मुठीएवढा गड्डा होतो. तो गड्डा शाफ्टवरचं रबरी आवरण (बूट) फाडतो, एबीएसच्या सेन्सरची वायर ओढतो, आणि सायलेन्सरच्या तापलेल्या भागाला लागला की पेट घेतो. यानं गाड्या जळालेल्या आहेत.

म्हणून शक्यतो कडेनं जा. जाड थर असेल तर खाली उतरून रस्त्याच्या माणसाला वेल बाजूला ओढायला सांगा. 'काका, एका चाकाएवढी वाट द्या' म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. थरावरून जावंच लागलं तर मध्ये थांबू नका, आणि अर्धा किलोमीटर पुढं मोकळ्या जागी, गवतावर नव्हे, गाडी उभी करा. इंजिन बंद करून दोन्ही पुढच्या चाकांच्या आत टॉर्च मारून बघा. गुंडाळलेलं दिसलं तर दहा मिनिटं थंड होऊ द्या, हातमोजे घालून विळ्यानं कापून काढा. जळका, पेंढा पेटल्यासारखा वास आला तर आधी माणसं बाहेर, मग अग्निशामक. बॉनेट पूर्ण उघडू नका, थोडी फट करून आत पावडर मारा, कारण पूर्ण उघडलं की हवा मिळून आग भडकते.

उतार

जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही तसाच लागू आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. आगुंबे किंवा चार्माडीसारख्या घाटात म्हणजे दुसरा, हेअरपिन वळणावर कधी पहिला. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. वेग घेतल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात तर गाडी झटका देते, आणि ओल्या रस्त्यावर चाकं घसरतात.

ब्रेकवर पाय टेकवून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय. वेग 40 वर गेला की तीन-चार सेकंद घट्ट दाबून 30 वर आणा आणि पाय पूर्ण काढून घ्या. मधल्या मोकळ्या वेळात डिस्कला वारा लागतो. हलका पाय सतत ठेवला तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

न्यूट्रल करून उतरल्यानं डिझेल वाचतं असं अजून बरेच जण समजतात. आताच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा तात्पुरता बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जळतच राहतं. वर ब्रेकचा सगळा भार पॅडवर येतो. आणि कुणी चावी फिरवून इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही जातात. ऑटोमॅटिक गाडीत 'डी'वर न उतरता 'एल', '2' किंवा मॅन्युअलवर घ्या.

पेडल मऊ लागलं किंवा जळल्याचा वास आला तर खालच्या गिअरमध्ये घ्या, पेडल भराभर दोन-चारदा दाबून जोर येतो का बघा, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला थांबा. चाकाला ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, अर्धा तास बसा. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड वाकतं आणि पुढं ब्रेक थरथरतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं कठीण. हेअरपिन वळणाच्या तोंडावर एसटी दिसली तर वळणाच्या अलीकडंच थांबा. लांब बसला वळायला पूर्ण रस्ता लागतो, तुम्ही आतल्या कोपऱ्यात घुसलात तर दोघंही अडकता. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. जळक्या कागदासारखा वास आला तर वीस मिनिटं थांबणं क्लचप्लेटपेक्षा स्वस्त पडतं.

धुकं

धुक्यात अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण प्रकाश थेंबांवर आपटून डोळ्यांत परत येतो. डिपरवरच ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरून चाला. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. 20 मीटर दिसत असेल तर तो वेग ताशी 20-25.

काच धुरकटली तर आधी बोट लावून बघा, ओल आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, हवा काचेवर, थोडी गरम, आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. बाहेरून असेल तर काच जास्त थंड झाली आहे, एसीची थंडी कमी करून वायपर मारा. निघण्यापूर्वी काच आतून वर्तमानपत्रानं पुसून घ्या. धुळीचा पातळ थर दिवसा दिसत नाही, धुक्यात समोरचा दिवा आला की काच पेटल्यासारखी होते.

सावलीतल्या वळणावर अकरापर्यंत दव सुकत नाही. त्यावर झाडाचा पाला आणि पावसाळ्यानंतर खड्डे बुजवताना सांडलेली बारीक खडी असते. दुचाकीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

जनावरं, माणसं, पाट्या

जांबोटी-कणकुंबी, खानापूर-हल्याळ भागात गवा कधीही आडवा येतो. काळा देह अंधारात दिसत नाही, डोळेच चमकतात. एक गेला म्हणजे कळप मागं आहे असं समजा. सकलेशपूर आणि कोडगूत हत्ती. हत्ती दिसला तर लांब थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न आणि दिवे मारू नका, फोटोसाठी उतरू नका, हळू मागं घ्या. कॉफीची तोडणी सुरू असल्यानं सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी पाचला मजुरांनी भरलेल्या जीप अरुंद रस्त्यावर जोरात येतात. शबरीमलाला निघालेले काळ्या कपड्यातले भाविक पहाटे रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालत असतात, तेही दिव्यात उशिरा दिसतात.

आपल्याकडं पुष्कळांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. डोंगरात पाट्या कन्नडमध्येच असतात. सोबत वाचणारा एक तरी असू द्या, नाहीतर थांबून विचारा. 'अपघात वलय' म्हणजे अपघाताची जागा, 'अपायकारी तिरुवु' म्हणजे धोक्याचं वळण, 'बदली मार्ग' म्हणजे पर्यायी रस्ता, 'रस्ते कामगारी' म्हणजे रस्त्याचं काम. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण मळ्यांच्या पट्ट्यात रेंज जाते. नकाशानं 'जवळचा रस्ता' म्हणून मळ्यात वळवलं तर वळू नका, गावांची नावं कागदावर क्रमानं लिहून त्यानुसार जा. अडचणीत 112, रुग्णवाहिकेला 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

सकाळी कुंदा आणि तळलेलं खाऊन वळणांना लागू नका. धपाटे, चटणी, केळी, भडंग हे चालतं. गाडी लागणाऱ्याला पुढं बसवा, खिडकी थोडी उघडी, नजर लांब रस्त्यावर, मोबाईल बंद. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी द्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

परतीचा दिवस

म्हैसूरहून परत येताना पुन्हा डोंगर नको. नागमंगल, हुळियार, हिरियूर करत पुणे-बंगळूर हायवेला लागा, मग चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी. साडेपाचशे-सहाशे किलोमीटर होतात. एका दिवसात करता येतात, पण शेवटचा कित्तूर-हिरेबागेवाडी-बेळगावचा पट्टा अंधारात आणि दमलेल्या डोळ्यांनी येतो, नेमका उसाच्या वेळेला. हुबळीत किंवा दावणगेऱ्यात मुक्काम करा. फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर तो फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर चालतो, राज्य रस्त्यांच्या टोलसाठी खात्यात वेगळे पैसे ठेवा. बंगळूरमार्गे यायचं ठरलं तर लक्षात असू द्या, म्हैसूर-बंगळूर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे.

म्हैसूरहून पुढं ऊटीचा विचार असेल तर तीन गोष्टी. बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. निलगिरी जिल्ह्यात शिरायला मे 2024 पासून ई-पास लागतो, तो मोबाईलवर आधी काढून ठेवा आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या सोबत नेऊ नका. आणि मसिनगुडीहून कल्हट्टीचा 36 वळणांचा उभा घाट नको, गुडलूरचा रस्ता लांब असला तरी तोच धरा.